काही साइट उघडतच नव्हत्या: राउटरमधला एमटीयू (डेटाच्या एका पॅकेटचा, म्हणजे तुकड्याचा, कमाल आकार)
घरी पीपीपीओईवरचं (युजरनेम-पासवर्डनं जोडणी करायची पद्धत) फायबर आहे. राउटरचं फर्मवेअर अपडेट झालं आणि बँकेची साइट नुसती फिरत राहायला लागली. बाकी बऱ्याच साइट झटकन उघडायच्या. वाय-फायवर संशय घेण्यात दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी ‘तुकडे करू नको’ ही खूण लावून पिंग केलं, म्हणजे वेगवेगळ्या आकाराची चाचणी पॅकेट पाठवून पाहिली. १४७२ बाइट जाईनात, १४६४ गेले! त्यात हेडरचे (पॅकेटवरच्या पत्ता वगैरे माहितीचे) २८ मिळवले की १४९२. पीपीपीओई स्वतःसाठी ८ बाइट घेतं, म्हणून नेहमीच्या १५०० पैकी एवढेच उरतात. अपडेटनंतर राउटरमध्ये मात्र एमटीयू १५०० झाला होता. मोठी पॅकेट वाटेतच गळत होती. वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) सेटिंगमध्ये १४९२ टाकलं, एमएसएस क्लॅम्पिंग (दोन्ही टोकांना मावतील एवढीच पॅकेट पाठवायला लावणारी सोय) चालू केलं, राउटर रीस्टार्ट केला. साइट लगेच उघडली. आता प्रत्येक अपडेटनंतर आधी हाच आकडा बघते.