सात जीबीचा हीप आणि रात्रीचं ओलीत

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात त्या आठवड्यात रात्री दोन वाजता दोघंच जागे असायचो. बाबा, कारण शेतीपंपाची लाइन रात्रीची होती. आणि मी, कारण ऑन-कॉल पाळी (सर्व्हर बिघडला तर केव्हाही उठून बघायची) माझी होती. साल 2020, लॉकडाउन. काम नागपूरच्या कंपनीचं, पण बसायचं घरच्या स्लॅबवर, कारण खाली मोबाइलला रेंजच नाही.

नोकरीला लागून तीन महिने झाले होते. वाइल्डफ्लाय या जावाच्या ॲप्लिकेशन सर्व्हरवर चालणारं एका ग्राहकाचं ॲप्लिकेशन सांभाळायचं. लिनक्सचं मशीन, रॅम 8 जीबी, जावाचा हीप, म्हणजे ॲप्लिकेशनचे ऑब्जेक्ट ठेवायची मेमरीतली जागा, 4 जीबी. महिनाअखेरीला लोक रिपोर्ट काढायला लागले की लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी एरर, जावा हीप स्पेस’. मी वाइल्डफ्लायची सेटिंगची फाइल स्टँडअलोन.कॉन्फ उघडली, एक्सएमएक्स (हीपची कमाल मर्यादा) थेट 7 जीबी केलं आणि सर्व्हर रीस्टार्ट केला. एरर गेली. दोन दिवस मी गावात कॉलर ताठ करून फिरलो.

तिसऱ्या रात्री सर्व्हर गायब. हळू झाला, अडकला असं काही नाही, प्रोसेसच नाही. लॉगची शेवटची ओळ कुणीतरी लॉगिन केल्याची. ना एरर, ना हीप डंप (हीपची फाइलमध्ये उतरवलेली नक्कल). सीनियरला फोन लावला. झोपेतच ते म्हणाले, “डीएमईएसजी पाहिलं का?” पाहिलं. लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, संदेश दाखवणारी ही कमांड. तिथं सरळ लिहिलं होतं: ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’, पुढे जावाचं नाव.

नव्या पोरांनी सगळ्यात आधी हा फरक पक्का करावा. हीप भरला की जावा स्वतः ओरडते, लॉगमध्ये एरर टाकते, सांगून ठेवलं असेल तर डंपही लिहिते. पण मशीनचीच मेमरी संपली तर लिनक्सचा कर्नल एक प्रोसेस निवडून मारतो, आणि बहुतेक वेळा सगळ्यात जाडी तीच असते. सिग्नल 9, म्हणजे ‘आत्ताच मर’ असा हुकूम, आल्यावर जावाला एक ओळ लिहायलाही सवड मिळत नाही. कंटेनरमध्ये (ॲप्लिकेशन वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय) हेच एक्झिट कोड, म्हणजे प्रोसेस संपताना मागे राहणारा आकडा, 137 म्हणून दिसतं: 128 अधिक 9.

पण 8 जीबीच्या मशीनवर 7 जीबी का मावलं नाही? सकाळी चहा घेताना हे बाबांना सांगत होतो. त्यांना हीप कळायचं कारण नाही, पण ते म्हणाले, “पाच एकराच्या वावरात पाच एकर पेरता येते का? धुरे, पांधण कोन मोजन?”

एक्सएमएक्स म्हणजे फक्त पेरलेली जमीन. 7 जीबी म्हणजे 7168 एमबी. मेटास्पेसची (क्लासची माहिती ठेवायची हीपबाहेरची जागा) मर्यादा 256. प्रत्येक थ्रेडच्या (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकाच्या) स्टॅकला, म्हणजे त्याच्या कामापुरत्या जागेला, सेटिंग बदललं नसेल तर 64 बिट लिनक्सवर जास्तीत जास्त 1 एमबी. आमचे थ्रेड तीनशेच्या आसपास, म्हणजे आणखी 300 पर्यंत. बेरीज 7724. उरले 468, आणि त्यात कोड कॅशे (जावाने मशीनच्या भाषेत बदललेला कोड), डायरेक्ट बफर (हीपबाहेरचे बफर), नको असलेले ऑब्जेक्ट साफ करणाऱ्या गार्बेज कलेक्टरचा स्वतःचा हिशेब, शिवाय लिनक्स आणि त्याची सगळी बिऱ्हाडं. त्यातलंच एक म्हणजे रात्री दोनला सुटणारी बॅकअपची स्क्रिप्ट.

दोन दिवस काहीच का झालं नाही, याचंही उत्तर आहे. एक्सएमएस (हीपचा सुरुवातीचा आकार) 1 जीबीच ठेवलं होतं आणि लिनक्स मेमरी मागितल्याबरोबर देत नाही, वापरायला लागल्यावर देतो. त्यामुळे सर्व्हर सुरू होताना सगळं हिरवंगार दिसतं. आता मी एक्सएमएस आणि एक्सएमएक्स सारखंच ठेवतो आणि ऑलवेजप्रीटच (सुरू होतानाच हीपच्या सगळ्या पानांना हात लावायला सांगणारं सेटिंग) लावतो. सुरू व्हायला वेळ लागतो, पण मावत नसेल तर डोळ्यांसमोर कळतं.

तो हीप शेवटी 5 जीबीवर आणला. स्वॅपिनेस (मेमरीतली पानं डिस्कवरच्या स्वॅपमध्ये टाकायला लिनक्स किती उतावीळ असावा तो आकडा) 60 वरून 10 केलं, कारण हीपची पानं स्वॅपमध्ये गेली की गार्बेज कलेक्शनला ती परत ओढून आणावी लागतात आणि सर्व्हर जिवंत असून मेल्यासारखा होतो. मेमरी दाखवणारी फ्री -एम कमांड पाहताना ‘फ्री’चा रकाना पाहून घाबरू नका, ‘अव्हेलेबल’ पाहा. डिस्क कॅशेने घेतलेली मेमरी गरज पडली की मोकळी होते. आणखी एक खोडी: जावा_ऑप्ट्स (जावाला द्यायची सेटिंग्ज) आधीच सिस्टमच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये सेट असेल तर वाइल्डफ्लाय स्टँडअलोन.कॉन्फमधले हीपचे आकडे धरतच नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. म्हणून बदल केल्यावर पीएस (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) लावून चालू प्रोसेसला खरंच काय मिळालंय ते पाहायचं.

मूळ दुखणं मात्र वेगळंच होतं. 5 जीबीचा हीप डंप मोबाइलच्या नेटवर गावात उतरवणं शक्य नव्हतं, म्हणून सर्व्हरवरच जेमॅप -हिस्टो (हीपमध्ये कुठले ऑब्जेक्ट किती ते मोजणारी कमांड) चालवलं आणि पहिल्या तीस ओळी तेवढ्या पाहिल्या. (त्याला ‘लाइव्ह’ जोडलं तर फुल जीसी, म्हणजे अख्ख्या हीपची सफाई, होते, गर्दीच्या वेळी जोडू नका.) रिपोर्टच्या ओळींचे ऑब्जेक्ट लाखांनी पडलेले. कोडमध्ये अख्खा रिपोर्ट युजरच्या सेशनमध्ये (लॉगिननंतर सर्व्हरने त्याच्यासाठी धरलेल्या जागेत) ठेवला जायचा आणि सेशन तासन्‌तास संपायचं नाही. डेव्हलपरने ते काढलं आणि महिनाअखेर 3 जीबीच्या आत निघाली. म्हणजे माझी पहिली रीस्टार्टच चुकीच्या दिशेला होती.

हे शिकायला पुण्याला जाऊन महागडा क्लास लावायची गरज नाही. मी 4 जीबीच्या सेकंडहँड लॅपटॉपवर शिकलो. लिस्टमध्ये बाइटचे तुकडे भरत राहणारा दहा ओळींचा जावा प्रोग्राम लिहा. आधी तो 128 एमबी हीपवर चालवा, जावाची एरर येईल. मग हीप 1 जीबी करा आणि सिस्टमडी-रन --स्कोप (प्रोग्राम मर्यादा घालून चालवणारी लिनक्सची कमांड) वापरून त्याच प्रोग्रामला मेमरीमॅक्स, म्हणजे मेमरीची कमाल मर्यादा, 300 एमबी लावा, स्वॅपची मर्यादा मेमरीस्वॅपमॅक्स शून्य करा. या वेळी स्क्रीनवर ‘किल्ड’ एवढाच शब्द येईल. लगेच डीएमईएसजी उघडा, तुमच्या जावाचं नाव तिथं असेल.