वर्गसमीकरणाचा आलेख य-अक्षाला कुठे छेदतो?

क्षच्या जागी ० ठेवा आणि य काढा. पद्धत एवढीच. य-अक्षावरच्या प्रत्येक बिंदूचा क्ष-निर्देशक शून्य असतो, म्हणून ही किंमत. य = २क्ष² − ५क्ष − ३ मध्ये पहिली दोन पदं शून्य होतात, उरतं −३. छेदनबिंदू (०, −३). उणे चिन्ह सोबत उचलायचं. स्थिर पद (क्ष नसलेलं पद) नसेलच, जसं य = क्ष² − ६क्ष, तर आलेख आरंभबिंदूतून जातो.

‘शेवटचा आकडा म्हणजे उत्तर’ असं पाठ करणाऱ्यांची दांडी इथे उडते: य = २(क्ष − ३)² − ७. यातला −७ शिरोबिंदूचा (आलेख जिथे वळतो त्या टोकाचा) आहे, य-अक्षावरचा नव्हे. कंस सोडवत बसू नका. (०−३)² म्हणजे ९, दुणे १८, वजा ७, उत्तर ११. आधी वर्ग, मग गुणाकार; उलट केलंत तर ३६ − ७ = २९ येईल. अवयव पाडलेले असतील, उदाहरणार्थ य = ३(क्ष − २)(क्ष + ५), तर ३ × (−२) × ५ = −३०. बाहेरचा ३ विसरला की −१० येतं. आणि य − ४ = क्ष² + ६क्ष असं दिलं असेल, तर ० ठेवल्यावर य − ४ = ०, म्हणजे य = ४.

सर्रास होणारी चूक वेगळीच: य = ० ठेवून मुळं काढत बसणं. त्याने क्ष-अक्षावरचे बिंदू मिळतात. ते दोन, एक किंवा एकही नसू शकतात. य-अक्षाला मात्र हा आलेख नेमका एकदाच छेदतो. दोन उत्तरं आली, तर अक्षाची अदलाबदल झाली समजा.

शाब्दिक उदाहरणात या बिंदूला अर्थ असतो. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सीमारेषेवरून चेंडू फेकला आणि क्ष सेकंदांनंतर त्याची उंची य = −५क्ष² + १५क्ष + २ मीटर धरली (५ म्हणजे गुरुत्व त्वरण ९.८ चं निम्मं, पूर्णांकात), तर २ मीटर ही चेंडू हातातून सुटतानाची उंची. जमिनीवर पडण्याची वेळ विचारली असेल तेव्हाच य = ० ठेवा.

आलेख काढताना एक बिंदू फुकटात मिळतो. वरच्या शिरोबिंदूच्या उदाहरणात सममिती-अक्ष क्ष = ३ आहे, म्हणून (०, ११) च्या समोर (६, ११) हाही बिंदू येतो. य-अक्षावर १ सेमी = २ एकक घ्या, नाहीतर ११ साठी कागद लांबवावा लागेल.