परदेशात शिकताना अरबीचा कोर्स निवडायचाय? मग आधी हे बघा

सांगली, मिरज, तासगाव पट्ट्यातली बरीच पोरं आता जर्मनी, यूके, फ्रान्सला मास्टर्सला जातायत, आणि तिथं गेल्यावर कळतं की युनिव्हर्सिटीच्या लँग्वेज सेंटरमध्ये अरबी फुकटात नाहीतर बऱ्यापैकी स्वस्तात शिकता येतं. मग घरी फोन येतो, दादा अरबी घेऊ का, पुढं उपयोग होईल का. घ्या की, चांगलंच आहे, पण ती कोणाशी बोलायला किंवा काय वाचायला पाहिजे हे ठरल्याशिवाय फॉर्म भरू नका. शहर, पुस्तक, फी, सगळं त्यावरच ठरतं.

अरबी दोन थरांत चालते. फुसहा म्हणजे बातम्या, पुस्तकं, करार, सरकारी कागद यांची भाषा, ती मोरोक्कोपासून ओमानपर्यंत जवळपास एकच. आणि आम्मिया म्हणजे घरात, बाजारात, टॅक्सीत बोलतात ती, ती देश बदलला की बदलते. "मला पाहिजे" एवढंच घ्या, फुसहात उरीदु, कैरोत आयिझ, जॉर्डनच्या अम्मानकडं बिद्दी, मोरोक्कोत बग़ीत. नुसती फुसहा शिकून अम्मानच्या भाजीवाल्यापुढं उभं राहिलात तर त्याला सगळं कळतं, पण आपल्या मंडईत कुणी आकाशवाणीच्या बातम्यांच्या मराठीत मेथीची जुडी मागावी तसं ते वाटतं. बरं ते चालून जातं एकवेळ, खरी गोची पुढं आहे, तो जे उत्तर देतो ते तुमच्या डोक्यावरनं जातं.

त्यामुळं इतिहास, इस्लामिक स्टडीज, आंतरराष्ट्रीय संबंध असलं काही करणार असाल तर फुसहा पक्की पाहिजे. यूएनची स्वप्नं असतील तरी तेच, अरबी तिथं १९७३ पासून अधिकृत भाषा आहे. युरोपात निर्वासितांसोबत काम करायचं, सोशल वर्क, नर्सिंग वगैरे, तर शामी घ्या, म्हणजे सीरिया, लेबनॉन, जॉर्डनकडची. काहीच ठरलं नसेल तर इजिप्शियन बरी, पिक्चर आणि सिरियलमुळं ती लांबपर्यंत समजते. मोरोक्कन दारिजा मात्र मोरोक्कोतच राहणार असाल तरच, पूर्वेकडच्या अरबांना ती धड कळत नाही.

घरचा बेदाण्याचा नाहीतर हळदीचा धंदा आहे आणि गल्फला माल पाठवायचाय म्हणून शिकणारे पण असतात, त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. नुसतं दुबईचं मार्केट असेल तर खरं सांगू का, तिथं हिंदीवर बरंच भागतं, त्यासाठी एवढा घाट घालू नका. पण सौदी, कुवेत, ओमानच्या पार्टीशी थेट बोलायचं असेल तर खलीजी, म्हणजे गल्फची बोली, लागते, कारण समोरचा व्हॉइस नोट पाठवतो ती पुस्तकी भाषेत नसते. आणि गल्फमध्ये खाण्याच्या मालाच्या पाकिटावर अरबी लेबल बंधनकारक आहे, ते फुसहात असतं, म्हणजे वाचण्यापुरती फुसहा आणि बोलायला खलीजी असा कोर्स शोधा. युरोपात खलीजी शिकवणारे कमी सापडतात, तेव्हा फुसहा युनिव्हर्सिटीत आणि बोलणं ऑनलाइन ट्यूटरकडं अशी विभागणी करायची.

आता तासांचा हिशोब. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना अरबी शिकवायला ८८ आठवडे, साधारण २२०० तास धरतं, स्पॅनिशला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. तुमचा इलेक्टिव्ह आठवड्याला ४ तास आणि सेमिस्टर १४ आठवड्यांचं असेल तर झाले ५६ तास. त्यात २८ अक्षरं, स्वतःची ओळख, थोडं सावकाश वाचन एवढं नीट झालं तरी कोर्स चांगला म्हणायचा. सहा महिन्यांत फ्लुएंट करतो म्हणणाऱ्याच्या नादाला लागू नका.

फॉर्म भरायच्या आधी एका वर्गात बसू द्या म्हणून मेल टाका, बरेच जण बसू देतात. तिथं फळ्याकडं बघा. दुसऱ्या महिन्यातही सगळं रोमन लिपीतच चाललं असेल तर तो कोर्स सोडा. आपल्या पोरांना देवनागरीत नोट्स काढायची सवय असते, ती पण लवकर मोडा, कारण अरबीत ह च्या जवळचे दोन आवाज, स दोन, त दोन, आणि ऐन नावाचं घशातनं काढायचं अक्षर तर आपल्याकडं नाहीच, देवनागरीत सगळं एकसारखं दिसतं आणि मग स्पेलिंगची वाट लागते. वर्गात पोरं किती ते मोजा, पंचविसाच्या वर असतील तर बोलायला नंबर लागत नाही. पुस्तक कुठलं ते विचारा. अल-किताब नावाची अमेरिकन मालिका पुष्कळ ठिकाणी असते, तिच्या तिसऱ्या आवृत्तीत फुसहा, इजिप्शियन आणि शामी शेजारी शेजारी दिलेत, ज्यांना दोन्ही हवं त्यांच्यासाठी सोयीची आहे, पण सुरुवातीच्या धड्यातच "संयुक्त राष्ट्रं" हा शब्द पाठ करायला लावतात आणि भाजीपाला नंतर, त्यावरनं पोरं हसतात.

उन्हाळ्यात किंवा एक सेमिस्टर तिकडं जाऊन शिकायचं असेल तर २०११ च्या आधी बरेच जण दमास्कसला जायचे, सीरियातल्या युद्धानंतर ती गर्दी अम्मानकडं वळली. अम्मानमध्ये जॉर्डन युनिव्हर्सिटीचं लँग्वेज सेंटर आणि क़ासिद, कैरोत अमेरिकन युनिव्हर्सिटी, ट्युनिसमध्ये बुर्गिबा इन्स्टिट्यूट, मोरोक्कोत फेझचं अलिफ, ही जुनी, माहितीतली नावं. मोरोक्को, ट्युनिशियात वर्गात फुसहा आणि रस्त्यावर दारिजा नाहीतर फ्रेंच, हे धरूनच जा. अम्मानमध्ये उलटा त्रास, तुम्ही अडखळलात की समोरचा लगेच इंग्लिशवर येतो, तेव्हा होमस्टे किंवा लँग्वेज पार्टनर मिळतो का ते आधीच विचारा. जॉर्डन, इजिप्तमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवार, वर्ग रविवारी सुरू होतात. रमजानमध्ये तास कमी होतात आणि तो दरवर्षी १०-११ दिवस अलीकडं सरकतो, म्हणून तारखा कॅलेंडर बघूनच ठरवा. (शाकाहारी असाल तर घाबरू नका, फूल म्हणजे तिकडची बीन्सची उसळ, फलाफल, हम्मुस, कैरोत कोशरी, पोट भरतं.)

कागदपत्रांचं मात्र अजिबात पुढं ढकलू नका. क्रेडिट मिळणार का हे जायच्या आधी तुमच्या डिपार्टमेंटकडनं लेखी घ्या, युरोपात एक ईसीटीएस, म्हणजे तिकडचं एक क्रेडिट, म्हणजे २५ ते ३० तासांचं काम धरतात, तेवढे तास त्या कोर्सच्या सर्टिफिकेटवर लिहून येतात का ते बघा. जर्मनीत शिकत असाल तर सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यास रेसिडेन्स परमिट रद्द होऊ शकतं, जास्त राहायचं असेल तर निघायच्या आधीच परदेशी नागरिकांच्या ऑफिसातनं मुदत वाढवून घ्यायची. फी भरताना रिफंडची अट पण मेलवर मागा, तिकडं परिस्थिती कधी बिघडेल सांगता येत नाही, आणि वर्ग ऑनलाइन केले तर पैसे किती परत देणार हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं.