मालवणला सहकुटुंब जाताना: आधी स्कूबा, मग सुरमई

मालवणच्या सहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम, कारण पावसाळ्यात स्कूबा आणि सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होड्या दोन्ही बंद असतात. रेल्वेने कुडाळला उतरल्यास पुढे सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता आहे.

स्कूबा सकाळी लवकरच उरकावे. दुपारकडे वारा वाढून पाणी हलू लागते आणि पोटात भात-सुरमई असेल तर होडी लागायला वेळ लागत नाही. सर्दी असलेल्याने मात्र, पैसे भरलेले असले तरी, काठावरच थांबावे. पाण्याखाली दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि कानांना तो पहिल्या काही मीटरांतच जाणवू लागतो. म्हणून खाली जाताना नाकपुड्या चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच नाकातून श्वास सोडण्याचा प्रयत्न करावा आणि कानात दडे बसण्याची वाट न पाहता तो पुन्हा पुन्हा करावा. दुखू लागल्यास जोर न लावता प्रशिक्षकाला खूण करून थोडे वर यावे. खुणाही आधीच नीट शिकून घ्याव्यात, कारण पाण्याखाली अंगठा वर करणे म्हणजे ‘झकास’ नव्हे, तर ‘मला वर न्या’. फोटोसाठी हौसेने अंगठा दाखवणारा अर्ध्यातच वर येतो. भरघोस मिशा असल्यास मास्कच्या कडेतून पाणी झिरपते, तेव्हा त्या आधीच कातरलेल्या बऱ्या. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. परतीचा प्रवास विमानाने असेल, तर मध्ये किमान अठरा तास जाऊ द्यावेत.

आजी-आजोबांसाठी दुपारचे ऊन उतरल्यावर सिंधुदुर्ग पाहावा. १६६४ साली शिवाजी महाराजांनी पाया घातलेल्या या जलदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूकडे खारे पाणी असताना त्या पाहून मुलेही क्षणभर गप्प होतात. जेट्टीवर होडी हेलकावते, म्हणून वयस्कांना एकेकाने हात धरून चढवावे आणि परतीच्या शेवटच्या होडीची वेळ निघतानाच विचारून घ्यावी.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, ते दृश्य काठावरूनच पाहावे. ओहोटीच्या वेळी तेथे पाण्याला मोठी ओढ असते, त्यामुळे पोहता येणाऱ्यानेही तेथे उतरू नये.