स्पॅनिश भाषांतर परत आलं? आधी शिक्का बघा (माझा अनुभव)

लेकीच्या विवाह प्रमाणपत्राचं स्पॅनिश भाषांतर, वर नोटरीचा लालभडक शिक्का, तरी व्हिसाच्या खिडकीवरून परत. शेरा एकच: ‘हुरादो नाही.’ जावई स्पेनमधल्या वालेन्सियात, लेक इथे बडोद्यात दांडियाबाजारात.

आधी एका एजन्सीकडून करून घेतलं होतं, मग ओळखीच्या स्पॅनिश शिकवणाऱ्या बाईंकडून. बाईंचं काम सुरेख, उपयोग शून्य. दीड महिना पाण्यात गेला, डोकं फिरायची पाळी आली.

स्पेनला चालतो तो ‘त्रादुक्तोर हुरादो’, म्हणजे तिथल्या परराष्ट्र मंत्रालयानं मान्यता दिलेला शपथबद्ध भाषांतरकार. त्यांची भाषावार यादी त्या मंत्रालयाच्याच संकेतस्थळावर फुकट मिळते.

क्रम असा ठेवला. आधी प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत काढली, कारण यादीत इंग्रजीवाले भरपूर. मग त्या मूळ प्रतीवर राज्य सरकारचं प्रमाणीकरण, त्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लावलेला दाखला. भाषांतर त्यानंतरच! अपोस्टिलच्या मजकुराचंही भाषांतर लागतं; उलटं केलंत तर पैसे दोनदा. मग दोन्ही बाजू स्कॅन करून यादीतल्या तिघांना मेल केला, पासपोर्टचं पहिलं पानही जोडलं. एकीनं दर कळवला.

मसुदा आल्यावर नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडलं. आडनावातला एक ‘एच’ गळाला होता! तो घालून घेतला. कुरियरनं आलेल्या प्रतीवर सही, तारीख, भाषांतरकाराचं नाव आणि क्रमांक असलेला शिक्का, मागे मूळ कागदाची छायाप्रत. खिडकीवर या वेळी दोन मिनिटांत घेतलं.