पक्षांचा वैताग आलाय? मग नगरपरिषदेला मत कसं द्यायचं ते वाचा

2019 पासून आपण काय काय बघितलं ते जरा आठवा. युती करून मतं मागितली आणि निकालानंतर युतीच मोडली, मग पहाटेचा शपथविधी, मग महाविकास आघाडी, जून 2022 ला शिवसेना फुटली, जुलै 2023 ला राष्ट्रवादी फुटली, नाव-चिन्ह एका गटाकडे आणि जुने कार्यकर्ते दुसऱ्या गटात. कित्येक आमदार तर एकाच टर्ममध्ये ज्यांच्या विरोधात निवडून आले त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसले. त्यामुळे 2 डिसेंबर 2025 ला 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींचं मतदान जाहीर झालं तेव्हा टपरीपासून ते घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत एकच वाक्य ऐकू येत होतं, कोणालाच द्यायचं नाही, सगळे सारखेच.

हा राग मला पूर्ण पटतो. पण घरी बसून तो कुणापर्यंत पोचत नाही हो. नगरपरिषदेचा प्रभाग काही हजार मतांचा असतो, तीस-चाळीस मतांवर सीट गेलेली आपण सगळ्यांनी बघितलीय. तुम्ही नाही गेलात तर ज्यांची मतं गाडीत घालून आणली जातात तेवढीच मोजली जाणार. आणि ती निवडणूक किती वर्षांनी आली बघा, बऱ्याच नगरपरिषदांचं त्याआधीचं मतदान 2016 च्या शेवटी झालेलं. मुदत संपल्यावर ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या केसेसमध्ये सगळं अडकलं, प्रशासक बसले, शेवटी 6 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या असं सांगितलं तेव्हा कुठे हालचाल झाली. इतकी वर्षं पाणी चौथ्या दिवशी का येतं हे विचारायला निवडून दिलेला माणूसच नव्हता. म्हणून माझं म्हणणं साधं आहे, पक्षावर राग असेल तर पक्ष बाजूला ठेवा आणि प्रत्येक जागेवर माणूस बघून वेगळं मत द्या. ते नीट कसं करायचं तेच खाली लिहितोय.

आधी यादीत नाव बघा, आजच. या निवडणुकीसाठी वेगळी मतदार यादी नसते, विधानसभेचीच यादी घेऊन प्रभागाप्रमाणे तोडतात. 2025 च्या निवडणुकीला 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. म्हणजे त्यानंतर कोणी फॉर्म 6, म्हणजे नवीन नावनोंदणीचा अर्ज, भरला असेल तर नाव विधानसभेच्या यादीत आलं तरी 2 डिसेंबरला मत देता येत नव्हतं. वॉर्ड ऑफिसला जाऊन भांडण्यात अर्थ नाही, तिथल्या माणसाच्या हातात ते नसतं. प्रभाग बदलून भलतीकडे नाव गेल्याचे प्रकार मात्र खूप झालेत, रस्त्याच्या अलीकडचं घर आणि पलीकडचं घर वेगवेगळ्या प्रभागात. त्यामुळे नाव आहे एवढं बघून थांबू नका, प्रभाग क्रमांक, केंद्र आणि यादीतला अनुक्रमांक तिन्ही लिहून ठेवा. नावापुढे दोन स्टार दिसले तर घाबरू नका, 2025 ला संभाव्य दुबार मतदार म्हणून ती खूण केली होती. तुम्ही कुठे मत देणार ते लिहून द्यायचं, नाहीतर केंद्रावर तसं हमीपत्र घेतील. ओळखपत्र सोबत ठेवा आणि थोडा वेळ हातात ठेवून जा एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे प्रचारात कोणीच तुम्हाला सांगणार नाही. नगरपरिषदेत तुमच्याकडे एकच मत नसतं. नगराध्यक्ष थेट जनतेतून आहे, त्याचं एक मत, आणि प्रभाग बहुतेक ठिकाणी दोन सदस्यांचा आहे म्हणून अ जागेचं एक आणि ब जागेचं एक, अशी तीन मतं. काही प्रभागात तीन सदस्य आहेत तिथे चार. नगरपंचायतीत नगराध्यक्ष आणि एक सदस्य अशी दोन. पॅनेलवाले दारात येऊन सांगतात की वहिनी तिन्हीकडे एकच चिन्ह दाबा, नाहीतर मत बाद होतं. साफ खोटं आहे. तिन्ही मतं तीन वेगळ्या पक्षांना दिली तरी चालतात, एक पक्षाला, एक अपक्षाला आणि एक नोटाला (वरीलपैकी कोणीही नाही) दिलं तरी तिन्ही मतं पक्की धरली जातात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे मुद्दाम बसून समजावून सांगा, कारण मत बाद होईल या भीतीनेच पॅनेलच्या पॅनेल निवडून येतात.

मशिनवर कसं असतं तेही सांगतो. प्रत्येक जागेची उमेदवारांची यादी वेगळी असते आणि प्रत्येक यादीच्या शेवटी त्या जागेचा नोटा असतो. एक बटण दाबून लगेच बाहेर निघू नका, सगळ्या जागांची बटणं दाबून झाल्यावरच लांब बीप वाजतो, तोपर्यंत तुमचं मतदान पूर्ण झालेलं नसतं. मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी इथे दिसणार नाही, ती शोधत उभं राहू नका.

नोटाबद्दल लोकांचा खूप गोंधळ आहे. लोकसभा-विधानसभेला नोटाला कितीही पडली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे तो निवडून येतो. 2024 ला इंदूरमध्ये नोटाला 2 लाख 18 हजारांच्या वर मतं पडली, निकालाला धक्का लागला नाही. आपल्याकडे 2019 ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या नंबरवर होता. पण महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांचा नियम वेगळा आहे. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये आदेश काढला की नोटाला त्या जागेवर सगळ्यात जास्त मतं पडली तर कोणालाच विजयी धरायचं नाही, पुन्हा निवडणूक घ्यायची. फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे आला तर मात्र उमेदवारांमधला जास्त मतांचा निवडून येतो, तिसऱ्यांदा मतदान होत नाही. म्हणजे नगरपरिषदेत नोटाला खरंच धार आहे, पण ती एकट्यादुकट्याने दाबून येत नाही, गल्लीने ठरवून दाबावं लागतं. तुमच्या प्रभागात एखाद्या जागेवर दोघेही ठेकेदाराचेच लोक उभे असतील तर त्या जागेपुरतं ठरवा, बाकीची मतं नीट वापरा. सगळीकडे सरसकट नोटा दाबायचं मला पटत नाही, कारण बऱ्याच प्रभागात एक तरी काम करणारं माणूस उभं असतं आणि त्याच्याकडे ना बॅनरचे पैसे असतात ना पोरं.

मग असं माणूस ओळखायचं कसं? शपथपत्र वाचा. अर्जासोबत प्रत्येकाला ते द्यावं लागतं, संपत्ती, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं त्यात असतं, आयोगाच्या साइटवर शोधा नाहीतर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या ऑफिसात जाऊन विचारा. बरेच जण फक्त गुन्ह्यांचा रकाना बघतात. मी म्हणेन तो बघाच, पण आंदोलनातला जमावबंदीचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा यात फरक करा, कलम वाचा. त्यापेक्षा जास्त वेळ स्थावर मालमत्तेच्या पानावर घालवा. गट नंबर, प्लॉट नंबर, खरेदीचं वर्ष, खरेदीची किंमत असं तिथे लिहिलेलं असतं. माणूस 2016 ला पण उभा असेल आणि तेव्हाचं शपथपत्र मिळालं तर दोन्ही शेजारी ठेवा. मधल्या काळात बायकोच्या नावावर कुठल्या भागात जमीन आली, ती नवीन डीपी रोडला (विकास आराखड्यातल्या रस्त्याला) लागून आहे का, कुठल्या फर्ममध्ये भागीदारी दाखवलीय आणि त्याच फर्मची पाटी गटाराच्या कामावर लागलेली का, हे आपल्या गावच्या माणसाला दोन मिनिटांत कळतं, बाहेरच्याला जन्मात कळणार नाही. जमीन घेणं हा गुन्हा नाहीये, पण प्रश्न विचारायला तेवढं पुरे असतं.

जे आधी नगरसेवक होते त्यांचं तर रेकॉर्डच आहे. सर्वसाधारण सभेची हजेरी आणि इतिवृत्त (सभेत कोण काय बोललं त्याची नोंद) माहिती अधिकारात मिळतं, अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, विषय एकच ठेवायचा आणि दीडशे शब्दांत बसवायचं. उत्तराला तीस दिवस असतात म्हणजे ऐनवेळी टाकला तर मतदानाच्या आत येईलच असं नाही, म्हणून निवडणूक जाहीर व्हायच्या आधीच टाका. आमच्या प्रभागातल्या एका माजी नगरसेवकाने पाच वर्षांत पाण्याच्या टाकीवर सभेत तोंड उघडलं नाही हे आम्हाला इतिवृत्त वाचल्यावर कळलं, दारात मात्र ते टाकीचं श्रेय घ्यायचे.

उमेदवार दारात आला की वाद घालत बसू नका, पक्ष का सोडला वगैरे विचारलंत की त्यांचं उत्तर पाठ असतं, विकासासाठी. त्याऐवजी चार-पाच घरांनी मिळून एक कागद करा आणि त्यावर आपल्या गल्लीचे प्रश्न लिहा, पाणी किती दिवसांनी येणार, घंटागाडी कधी, घरपट्टी वाढवण्याच्या ठरावाला तुमचं मत काय, आणि निवडून आल्यावर कुठल्या गटात बसणार. खाली सही मागा. सही केली म्हणून कोर्टात काही होत नाही हे खरं, पण कोण सही करतो आणि कोण बघतो-बघतो म्हणत पुढच्या दाराला जातो हे तिथल्या तिथे दिसतं. आमच्याकडे बायकांनी हा कागद हातात घेतला तेव्हा उमेदवार जास्त नीट थांबले, पुरुषांशी ते चहाचं बोलून सटकतात.

कुठल्या गटात बसणार हा कागदावरचा शेवटचा प्रश्न अपक्षांना तर हमखास विचारा. पक्षांवर चिडून आपण अपक्षाला देतो आणि निकालानंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे गटनोंदणी होते, म्हणजे कोण कुठल्या गटात ते नोंदवतात, तेव्हा तोच अपक्ष कुठल्यातरी आघाडीत जाऊन बसतो. स्थानिक संस्थांनाही पक्षांतरबंदी आहे, 1986 चा राज्याचा कायदा आहे त्यासाठी, पण ती पक्षाच्या किंवा आघाडीच्या तिकिटावर आलेल्याला जशी अडवते तशी सुरुवातीलाच आघाडीत जाणाऱ्या अपक्षाला अडवत नाही. 2025 ला तर सत्तेतलेच मित्रपक्ष कित्येक गावात एकमेकांविरुद्ध मैत्रीपूर्ण लढत होते, मग निकालानंतर कोण कुणात जाईल याचा अंदाज चिन्हावरून लावण्यात काहीच अर्थ उरला नाही.

पैशाचं पण बोलूयात. आदल्या रात्री पाकीट येतं हे सगळ्यांना माहितीय, देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. पण ज्याच्या घरात अडचण आहे त्याला तुच्छ लेखायला माझं मन धजत नाही. एवढंच सांगा त्यांना, आत बटण दाबताना कोणी बघत नसतं, देवाची शपथ घालून घेतलेलं मत तुमच्यावर बंधनकारक नाही. आणि वाटप डोळ्यासमोर चाललं असेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

मतदानाच्या दिवशी तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असं निघालं तर गपचूप परत येऊ नका. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागा, ओळख पटली की कागदी मतपत्रिकेवर मत घेतात. ते वेगळ्या पाकिटात जातं आणि निकालाच्या मोजणीत धरत नाहीत, पण लिखित नोंद होते, उद्या कोणी कोर्टात गेलं तर तीच कामाला येते.

निकाल लागल्यावर पहिल्या महिन्यात गटनोंदणीवर लक्ष ठेवा, कोण कुणाबरोबर नोंदवला गेला ते विचारून गल्लीच्या ग्रुपवर टाका, सोबत त्या सही केलेल्या कागदाचा फोटो. आणि सर्वसाधारण सभा लोकांसाठी खुली असते, सदस्यांनी बहुमताने बंद ठेवायचं ठरवलं तरच नसते. प्रशासकाच्या काळात कागदावर ठराव होत होते, बघायला कोणी नव्हतं. आता सभेची नोटीस निघाली की विषयपत्रिका मागून घ्या, आपल्या गल्लीतले दोघे-तिघे त्या दिवशी मोकळे ठेवा आणि मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसा.