अनोळखी ठिपका दिसला? आधी घड्याळ बघा

जानेवारीतल्या एका पहाटे भाच्याचा फोन आला. "मामा, गच्चीवर या की लवकर! होटगी रोडच्या वर कायतरी थांबलंय बघा, हलेनाच झालंय." पोरगं पोलीस भरतीसाठी पळायला जातं, त्यामुळे आधीच धापा टाकत होतं.

मी विचारलं, "किती वाजलेत?"

"आत्ता ओ!"

"आत्ता म्हणजे किती?"

तो म्हणाला सहा चाळीस. गच्चीवर पोचलो तेव्हा माझ्या मोबाईलमध्ये सहा त्रेचाळीस झाले होते.

हवाई दलात वीस वर्षं रडारसमोर काढली. अनोळखी ठिपक्याचा तपास तिथे ज्या क्रमाने करतात, त्यातला बराचसा सोलापुरातल्या गच्चीवरूनही करता येतो. पहिली नोंद वेळेची. दिसलं कधी, दिसेनासं झालं कधी, सेकंदासह. हा हट्ट मला महागात पडून लागलाय. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी पारदर्शक फळ्याच्या मागे उभं राहून चायनाग्राफ पेन्सिलीने (काचेवर उठणाऱ्या मेणाच्या पेन्सिलीने) ठिपक्यांच्या नोंदी उलट्या अक्षरांत लिहायची ड्युटी होती. समोर बसलेल्या साहेबांना ती अक्षरं सुलटी दिसावीत म्हणून. एका रात्री कुणाचाच नसलेला ठिपका मी नोंदवला. तीन आठवडे चौकशी चालली आणि शेवटी निघालं काय, तर आपलंच मालवाहू विमान. माझं मनगटी घड्याळ चार मिनिटं मागे होतं आणि मी लिहिलेल्या वेळेला ते विमान त्या जागी कागदोपत्री असूच शकत नव्हतं.

वेळ पक्की झाली की दुसरा प्रश्न: कुणाचं आहे? आपल्याकडे उडणाऱ्या विमानाला हवाई संरक्षणाची परवानगी लागते, तिचा एडीसी नंबर असतो. तो ठिपक्याशी जुळवायचा. मग आयएफएफ, म्हणजे रडारने 'कोण रे तू?' विचारायचं आणि विमानातल्या यंत्राने सांकेतिक उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही म्हणजे शत्रूच, असं धरायचं नाही. यंत्र बंदही असतं. गच्चीवरून हेच काम विमानांचा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर दोन मिनिटांत होतं, फक्त लष्करी विमानं त्यात दिसतीलच असं नाही.

तिसरी पायरी म्हणजे स्वतःच्या यंत्रावर संशय घेणं. नवखी पोरं इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रडार रेडिओ लहरींचा एक स्पंद, म्हणजे छोटा ठोका, सोडतं आणि प्रतिध्वनीची वाट बघतं. एक मायक्रोसेकंद उशीर म्हणजे १५० मीटर अंतर. सेकंदाला ५०० स्पंद सुटत असतील, तर पुढचा स्पंद सुटायच्या आत ३०० किलोमीटरपर्यंतचेच प्रतिध्वनी परत येतात. ३३० किलोमीटरवरच्या डोंगराचा प्रतिध्वनी उशिरा येतो, पुढच्या स्पंदाच्या खात्यात जमा होतो आणि तो डोंगर ३० किलोमीटरवर उभा दिसतो! उपाय सोपा आहे. सेकंदाला किती स्पंद सोडायचे तो आकडा बदलायचा. खरा ठिपका जागेवर राहतो, भूत उडी मारतं.

पण इतक्या लांबचा डोंगर पृथ्वीच्या गोलाईआड असताना दिसतो कसा? गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत इथल्या होम मैदानावरचं दारूकाम बघितलं असेल. काही रात्री धूर वर न जाता डोक्यावर चादर टाकल्यासारखा पसरतो. खाली थंड हवा, वर उबदार हवा, म्हणजे तापमानाचा उलटा थर. याच थरात रडारची किरणं वाकून जमिनीच्या कडेकडेने लांबवर जातात. मग हैदराबाद रोडवरचा ट्रकसुद्धा आकाशात उडतोय असं वाटू शकतं, आणि तो चालता असल्यामुळे स्थिर गोष्टी गाळणारी चाळणीही त्याला अडवत नाही.

वेगाचाही एक घोळ असतो. अँटेना मिनिटाला सहा फेऱ्या मारत असेल तर ठिपका दर दहा सेकंदांनी दिसतो. एका फेरीत एक ठिपका इथे, पुढच्या फेरीत भलताच दुसरा पाच किलोमीटरवर. दोन्ही एकच समजलात की ताशी १८०० किलोमीटरची उडती तबकडी तयार.

जुलै १९५२ मध्ये लागोपाठ दोन शनिवारी रात्री वॉशिंग्टनच्या रडारांवर असेच ठिपके आले, एफ-९४ जेट पाठवावी लागली. २९ जुलैला अमेरिकी हवाई दलाचे मेजर जनरल सॅमफर्ड यांनी पत्रकार परिषदेत उलट्या थराकडे बोट दाखवलं. रडारवरच्या माणसांना ते पटलं नाही, आणि त्यांची बाजू अगदीच पोकळ होती असं मी म्हणणार नाही. गंमत म्हणजे तपास अधिकारी कॅप्टन रुपेल्ट यांना तेव्हा शहरात फिरायला सरकारी गाडीसुद्धा मिळाली नव्हती. अमेरिकी हवाई दलाने १९६९ पर्यंत अशा १२,६१८ नोंदी तपासल्या, त्यातल्या ७०१ अनुत्तरित राहिल्या. आपल्याकडे १९ नोव्हेंबर २०२३ ला इम्फाळ विमानतळावर असंच काही दिसलं, उड्डाणं थांबवून राफेल पाठवली. हाती काही लागलं नाही. लडाखमध्ये जवानांना दिसणारे दिवे मात्र खगोलशास्त्रज्ञांनी ओळखले: शुक्र आणि गुरू.

आता गच्चीवर या. हात लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे सुमारे १० अंश. क्षितिजापासून ठिपका किती मुठी वर आहे ते मोजा. मग भिंतीला डोकं टेकून तो विजेच्या तारेजवळ धरा आणि दहा मिनिटं थांबा. पूर्वेचा ग्रह तेवढ्यात तिरका वर सरकतो, इतर ताऱ्यांसोबतच. आणि दुसरा साक्षीदार असेल तर दोघांनी आपापसात बोलायच्या आधी वेगवेगळं लिहून काढा. भाचा म्हणाला गोल, त्याचा मित्र म्हणाला लांबट.

आमचा ठिपका जवळजवळ एक मूठ वर होता आणि वर न चढता आडवा सरकत होता. तेव्हा माझ्या डोक्यात हैदराबाद आलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तिथल्या केंद्रातून वैज्ञानिक फुगे सोडतात, ते ३० ते ४२ किलोमीटर उंच जातात. आपला ठिपका असा फुगा आणि ३५ किलोमीटर उंचीवर धरला, तर एक मूठ उंचीला अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास येतं. म्हणजे होटगी रोड नव्हे, पार तेलंगण. एवढ्या उंचीवर आपल्या आधी पंचवीस-तीस मिनिटं सूर्य उगवतो, म्हणून खाली अंधार असतानाच फुगा उजळतो. असा फुगा शेतात उतरला तर पातळ प्लास्टिक, पॅराशूट आणि पेटी सापडते. पेटी उघडू नका, पोलीस ठाण्यात कळवा.

भाच्याने आता वही केलीय. दुसरी नोंद अशी: रात्री ९.१०.२५, दीड मूठ, दक्षिण, लाल-हिरवा, घोंघावणारा आवाज. खाली मी लाल शाईने लिहिलं: शेजारच्या मंगल कार्यालयातला ड्रोन, तू त्याच लग्नात जेवत होतास.